कासवांचा हंगाम, आपली पुळण आणि आपलं घर



थंडी सरत आली, आंब्याच्या मोहोरात बारीक कैऱ्या दिसायला लागल्या, की किनाऱ्यावरच्या आपल्या गावांमध्ये फोन वाजायला लागतात. पुण्या-मुंबईची माणसं विचारतात, "कासवं आली का? पिल्लं कधी सोडणार? शनिवारी आलो तर दिसतील ना?" घरात राहायची-जेवायची सोय करणाऱ्या बाईला या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं, आणि ते दिसतं तितकं सोपं नसतं. "हो, दिसतील" म्हटलं की पाहुणा नक्की येतो. "सांगता येत नाही" म्हटलं की तो दुसऱ्या घरी फोन लावतो.

म्हणून आज कासवांविषयी बोलायचं ठरवलं आहे. ही कासवं कोणती, ती वाचवायचं काम कसं चालतं, आणि त्या कामावर ज्या घरांची थोडीफार कमाई उभी आहे त्या घरांनी काय सांभाळायचं, हे आपण पाहू. पुळणीवरची राखण कासवमित्र करतात. पण अंगणातला दिवा कधी मालवायचा, खरकटं कुठे टाकायचं, पाहुण्याला काय सांगायचं, हे घरातली बाईच ठरवते. त्यामुळे राखणीचा अर्धा भाग आपल्याच हातात आहे.

कोण येतं आपल्या पुळणीवर?

भारताच्या समुद्रात पाच जातींची सागरी कासवं आढळतात. त्यातलं आपल्या कोकण किनाऱ्यावर अंडी घालायला येतं ते मुख्यतः ऑलिव्ह रिडले. पाठ हिरवट-करड्या रंगाची, लांबी दोन फुटांच्या आसपास, वजन चाळीस किलोच्या आगेमागे. सागरी कासवांमध्ये हे लहानखुरंच समजलं जातं. कोळंबी, खेकडे, शिंपले, जेलीफिश हे त्याचं खाणं.

नर एकदा समुद्रात गेला की सहसा जमिनीवर येत नाही. मादी येते, तीही फक्त अंडी घालायला. आपल्याकडे साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत हा हंगाम चालतो. रात्री, आजूबाजूला सामसूम असताना ती भरतीच्या रेषेच्या वर चढून येते. मागच्या पायांनी दीड फुटाच्या आसपास खोल खड्डा खणते. हा खड्डा मडक्यासारखा असतो, तोंड अरुंद आणि खाली रुंद. त्यात ती शंभराच्या आसपास अंडी घालते. अंडी पांढरी, गोल, पिंगपाँगच्या चेंडूएवढी. कवच कोंबडीच्या अंड्यासारखं टणक नसतं, चिवट असतं. मग खड्डा बुजवून, अंग आपटून वर वाळू दाबते आणि समुद्रात निघून जाते. पुन्हा मागे वळून बघायला ती येत नाही. त्या अंड्यांना ऊब देते ती वाळू.

साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. वाळू तापलेली असेल तर लवकर, गार असेल तर उशिरा. या वाळूच्या उबेवरच आणखी एक गोष्ट ठरते. अंड्यातून नर निघणार की मादी, हे कासवांमध्ये वाळूच्या तापमानावर असतं. वाळू साधारण २९ अंशांच्या आसपास असेल तर दोन्ही निघतात. त्याहून गरम असेल तर माद्या जास्त, गार असेल तर नर जास्त. फारच तापली तर गर्भ आतच मरतो. उन्हाळा दरवर्षी कडक होत चाललाय, हे आपल्याला विहिरीच्या पाण्यावरून आणि आंब्याच्या फळधारणेवरून कळतंच. कासवाच्या बाबतीत त्याचा परिणाम थेट पुढच्या पिढीवर होतो. म्हणून उन्हाळा वाढला की अंड्यांच्या जागेवर सावली करावी लागते.

वेळासची गोष्ट

मंडणगड तालुक्यातलं वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव. सावित्री नदी जिथे समुद्राला मिळते, त्या बाणकोटच्या खाडीजवळ ते आहे. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेची माणसं, भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी, समुद्र गरुडाच्या घरट्यांची पाहणी करत या भागात आली होती. तिथे पुळणीवर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. गावात चौकशी केल्यावर समजलं की कासवं येतात, पण अंडी शिल्लक राहत नाहीत. काही माणसं काढून नेत, खात किंवा विकत. उरलेली कोल्ही-कुत्री उकरत.

यात गावाला दोष देण्यासारखं काही नव्हतं. वाटेवर मिळालेली वस्तू घरात आणावी, तशीच ही अंडी आणली जात. हे बेकायदा आहे, हेही अनेकांना ठाऊक नव्हतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत ऑलिव्ह रिडले आहे. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच या कासवाला. अंडी काढणं, बाळगणं, विकणं या सगळ्याला तीन ते सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पण वेळासमध्ये काम उभं राहिलं ते कायद्याच्या धाकावर नाही. कासवाचा माग कसा ओळखायचा, घरटं नेमकं कुठे असतं, हे गावातल्याच माणसांना माहीत होतं. त्याच माणसांना राखणीच्या कामात घेतलं. ग्रामपंचायत आणि वनविभाग सोबत आले. पुढे गावात 'कासव महोत्सव' सुरू झाला. पिल्लं समुद्रात जाताना बघायला बाहेरची माणसं येऊ लागली. त्यांना उतरायला गावात हॉटेल नव्हतं, म्हणून घरांनी आपली पडवी, माजघर, वरची खोली मोकळी केली. भाकरी, कुळथाचं पिठलं, सोलकढी, घावणे, उकडीचे मोदक, हे घरचंच जेवण पाहुण्यांना आवडलं. आज आंजर्ले, गुहागर, हरिहरेश्वर, गावखडीपासून थेट वेंगुर्ल्याच्या वायंगणीपर्यंत अनेक किनाऱ्यांवर घरटी राखली जातात. हे काम वनविभाग, कांदळवन प्रतिष्ठान, ग्रामपंचायती आणि गावोगावचे कासवमित्र मिळून करतात.

राखण म्हणजे नेमकं काय?

कासवमित्र पहाटे उजाडण्याआधी पुळण चालत जातो. मादी वर आली असेल तर वाळूत तिच्या पायांचा रुंद माग दिसतो. जाण्याचा एक, परत फिरण्याचा एक. मागाच्या वरच्या टोकाला घरटं सापडतं. घरटं धोक्याच्या जागी असेल, म्हणजे उधाणाचं पाणी येईल किंवा कुत्री उकरतील अशा ठिकाणी, तर अंडी काढून कुंपण घातलेल्या जागेत हलवतात. या जागेला सगळे 'हॅचरी' म्हणतात.

यात एक काळजी फार महत्त्वाची. अंडं घातल्यावर काही तासांत आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटं झालं, गोल फिरलं, तर गर्भ मरतो. म्हणून ही अंडी लवकरात लवकर, न हलवता, न फिरवता उचलावी लागतात. हॅचरीत तसाच मडक्याच्या आकाराचा, तितक्याच खोलीचा खड्डा करून त्यात ठेवतात. तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी लावतात. पिल्लं निघायची वेळ जवळ आली की वर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात. आपण कोंबडी खुडुक बसवतो तेव्हा तारीख धरतोच की नाही? तसंच हे. फक्त इथे कोंबडी नाही, वाळू आहे.

पिल्लं बाहेर आली की त्यांना पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडतात आणि ती स्वतः चालत जातात. उचलून पाण्यात टाकायची नसतात. त्यांच्या पोटात बलकाचा थोडा साठा शिल्लक असतो. त्याच्या जोरावर पहिला दिवस-दोन दिवस ती अखंड पोहत खोल समुद्र गाठतात. किनाऱ्याजवळ घारी, कावळे, मोठे मासे टपलेले असतात, म्हणून ही घाई. हजार पिल्लांतलं एखादंच मोठं होऊन अंडी घालण्याच्या वयाला पोचतं, असा जाणकारांचा अंदाज आहे.

आता त्या फोनवरच्या प्रश्नाकडे येऊ. शनिवारी पाहुणे यायचे आहेत, पिल्लं मात्र शुक्रवारी सकाळीच निघाली. काही ठिकाणी अशा वेळी पिल्लं टबात किंवा टोपलीत धरून ठेवायचा आग्रह होतो. "एवढ्या लांबून माणसं आलीत, राहू देत की संध्याकाळपर्यंत." पण तेवढा वेळ पिल्लू टबात हातपाय मारत राहतं आणि समुद्रासाठी आणलेली शिदोरी तिथेच संपवतं. मग पाण्यात गेल्यावर त्याच्यात जोर उरत नाही. पाहुण्याला टाळ्या वाजवायला मिळतात, पण पिल्लू वाचलं की नाही हे कुणालाच कळत नाही.

म्हणून माझं सांगणं आहे, फोनवरच स्पष्ट सांगा: "पिल्लं निघणं आमच्या हातात नाही. निघाली तर दिसतील, नाही निघाली तर नाही दिसणार. हॅचरी बघा, पुळण बघा, खाडी बघा, आमच्या हातचं जेवा." गावातल्या सगळ्या घरांनी मिळून हे एकच उत्तर द्यायचं ठरवलं, तर एकीचा पाहुणा दुसरीकडे जाण्याची भीती राहत नाही. एकट्या बाईला हे जमणार नाही. गटाने ठरवलं तर जमेल.

घरातल्या बाईने काय सांभाळायचं?

पहिली गोष्ट, दिवे. रात्री समुद्रावरचं आभाळ जमिनीपेक्षा किंचित उजळ असतं. त्या उजेडाकडे पिल्लं चालतात. आपल्या घराचा, हॉटेलचा, रस्त्याचा दिवा त्याहून प्रखर असेल तर ती उलटी फिरतात आणि सकाळी रस्त्यावर, नाहीतर झाडीत मरून पडलेली सापडतात. मादीसुद्धा उजेड बघून अंडी न घालता परत जाते. तेव्हा पुळणीकडे तोंड करून असलेले दिवे हंगामात रात्री बंद ठेवा. लावावाच लागला तर वरून झाकून, उजेड खाली पडेल असा लावा. पाहुण्यांना रात्री बॅटरी घेऊन, मोबाइलचा उजेड पाडत पुळणीवर जाऊ देऊ नका.

दुसरी गोष्ट, खरकटं. पाहुणे वाढले की उष्टं-खरकटं आणि मासळीची घाण वाढते. ती पुळणीवर किंवा सुरूच्या बनात टाकली की कुत्री आणि कोल्ही तिथे रोज येऊ लागतात. मग घरटं हुंगायला त्यांना वेळ लागत नाही. ओला कचरा माडाच्या आळ्यात नाहीतर खतखड्ड्यात पुरावा.

तिसरी, प्लास्टिक. पाण्यात तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिशसारखी दिसते. ती पोटात गेली की आतडं बंद होतं. पाहुण्यांना पाणी बाटलीऐवजी तांब्या-भांड्यातून किंवा जगमधून द्या.

चौथी, गाड्या. पुळणीवर जीप-मोटारसायकल फिरवायची हौस अनेकांना असते. त्याने घरट्यावरची वाळू दाबली जाते, आणि चाकांच्या खोल चरांत पिल्लं अडकून पडतात.

पाचवी, पुळणीवरची झाडं. वाळूवर पसरणारी जांभळ्या फुलांची मर्यादवेल आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. ती वाळू धरून ठेवते. 'किनारा साफ दिसावा' म्हणून ती उपटू नका. वाळूच राहिली नाही तर कासव अंडी घालणार कुठे? समुद्र वाळू खात चालला की धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी होते. घरं आणि बागा वाचवायला तो कधी कधी लागतोही. पण दगडांचा बंधारा कासवाला चढता येत नाही. तेव्हा असा प्रस्ताव ग्रामसभेत आला तर "कासवांची जागा कोणती, ती सोडली आहे का?" हा प्रश्न बायकांनी उठून विचारायलाच हवा.

जाळं आणि समुद्र

किनाऱ्यावर कितीही राखण केली तरी मोठं कासव समुद्रातच असतं. ते श्वास घ्यायला वर येतं. जाळ्यात अडकून फार वेळ पाण्याखाली राहिलं तर गुदमरून मरतं. आपल्यातल्या अनेकींच्या घरचे पुरुष मासेमारीला जातात. जाळं महाग असतं, ते कापायचं म्हणजे पोटावर मारून घेणं. म्हणून डिसेंबर २०१८ पासून राज्यात भरपाईची योजना आहे. कासव, डॉल्फिन यांसारखा संरक्षित प्राणी जाळं कापून जिवंत सोडला, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. सोडतानाचे फोटो किंवा चित्रफीत काढून ठेवावी लागते. ही माहिती घरच्यांना द्या. अर्ज लिहायला मदत करा.

ही कासवं जातात तरी कुठे? २०२२ च्या सुरुवातीला वेळास, आंजर्ले आणि गुहागर इथल्या पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं होतं. वेळासच्या मादीचं नाव ठेवलं 'प्रथमा'. पुढच्या वर्षी गुहागरच्या 'बागेश्री' आणि 'गुहा' यांना यंत्रं लावली. बागेश्री दक्षिणेकडे पोहत श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. आणि २०२५ च्या हंगामात गुहागरला अंडी घालताना एक मादी सापडली, तिच्या पायावरचा बिल्ला २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेला होता. ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्या इथे हजारो कासवं एकाच वेळी अंडी घालायला येतात. पूर्वेची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, असा जो समज होता, तो या एका मादीने विचारात पाडला. तेव्हा आपल्या पुळणीवरचं घरटं हे फक्त आपल्या गावाचं नाही.

हिशेबाचं थोडं

मी बचत गटांचं काम बघते, म्हणून पैशाचं बोलल्याशिवाय राहवत नाही. कासवांच्या हंगामातलं काम कोण करतं? पहाटे चार वाजता उठून पाणी तापवणारी, तीस माणसांच्या भाकऱ्या भाजणारी, अंथरुणं धुणारी बाई. पण बाहेरच्या पाटीवर आणि बँकेच्या खात्यावर नाव बहुतेक घरांत पुरुषाचं असतं. हे बदलायला हवं. २०२३ साली राज्याच्या पर्यटन विभागाने महिलांसाठी 'आई' नावाचं धोरण आणलं. पर्यटनाचा व्यवसाय बाईच्या मालकीचा असेल आणि तीच तो चालवत असेल, तर १५ लाखांपर्यंतच्या बँक कर्जावरचं व्याज ठरलेल्या मर्यादेत परत मिळतं. अर्ज करण्याआधी पर्यटन विभागाच्या कार्यालयात सध्याच्या अटी नीट विचारून घ्या. पण पहिली अट आपल्या घरातच आहे: व्यवसाय तुमच्या नावावर हवा.

गटाने आणखी तीन गोष्टी ठरवाव्यात. राहण्या-जेवण्याचा दर सगळ्या घरांचा एकच. पाहुणे वाटून घ्यायला पाळीची वही, म्हणजे रस्त्याकडेच्या घरालाच सगळे मिळत नाहीत. आणि दर पाहुण्यामागे थोडी रक्कम गटाच्या खात्यात, ती पुळणीच्या सफाईला आणि हॅचरीच्या कुंपणाला.

आणि सगळा संसार या हंगामावर टाकू नका. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, ऐन हंगामात पाहुणे बंद झाले. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातल्या माडा-पोफळीच्या बागा एका दिवसात आडव्या झाल्या. ज्या घरी पापड, कोकम, आंबापोळी असं काही दुसरं होतं, त्यांना थोडा आधार राहिला. जिथे फक्त पाहुण्यांवरच घर चालू होतं, तिथे हात रिकामे झाले. कासवाची कमाई जोडकमाई म्हणून ठेवली, तर पाहुण्याला "नाही" म्हणायची ताकद आपल्यात राहते. ती गेली की टबात पिल्लं धरून ठेवायचा मोह होतो.

शेवटी एक कामाची गोष्ट. पुळणीवर कासवाचा ताजा माग दिसला, जखमी किंवा मेलेलं कासव दिसलं, तर हात लावू नका. माग पुसू नका, त्याच्यावरून चालू नका. गर्दी जमवू नका. गावातल्या कासवमित्राला किंवा वनरक्षकाला कळवा. तो भेटला नाही तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. हा क्रमांक स्वयंपाकघरात, सिलिंडरच्या नंबराशेजारी लिहून ठेवा. आणि गटाच्या पुढच्या बैठकीत दिव्यांचा आणि फोनवरच्या उत्तराचा, हे दोन विषय नक्की घ्या. वहीत ठराव लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या.

आज इथेच थांबते. नमस्कार.